चाकाला चाक लावून : जिल विल्नवची कहाणी

१ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधील दिजों येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री ज्यां-पिएर जाबुई याने जिंकली. टर्बो इंजिनाच्या गाडीने फॉर्म्युला वन शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. चालक फ्रेंच, गाडी रेनॉची, इंजिन रेनॉचे, टायर आणि इंधनही फ्रेंच. त्या देशासाठी तो दिवाळीचाच दिवस म्हणायचा. एवढे असूनही मोटार शर्यतींच्या इतिहासात त्या दिवसाची आठवण जाबुईच्या नावाने निघत नाही. ती निघते दुसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या झुंजीमुळे. जाबुईच्या मागे कितीतरी अंतरावर दोन गाड्या अखेरच्या फेऱ्यांमध्ये अक्षरशः एकमेकींना खेटून धावत होत्या. एक रेनॉची पिवळी गाडी, रने आर्नू चालवत असलेली. दुसरी फेरारीची लाल गाडी, तिच्यावर १२ हा आकडा, आणि आत जिल विल्नव हा कॅनडाचा एकोणतीस वर्षांचा लहानखुरा तरुण.

ऐंशी फेऱ्यांच्या त्या शर्यतीत जिल पहिल्या वळणापासून पुढे होता. आपली गाडी रेनॉपेक्षा कमी ताकदीची आहे हे ठाऊक असूनही त्याने तिला इतके ताणले, की निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर टायर झिजून गाडी घसरू लागली. जाबुई पुढे निघून गेला. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना आर्नूनेही त्याला गाठले आणि मागे टाकले. सरळ पट्ट्यावर टर्बोच्या ताकदीपुढे फेरारीचे काही चालत नव्हते. जिलने मात्र पुढच्याच फेरीत, मुख्य पट्ट्याच्या टोकाला, चारही चाकांतून धूर निघेपर्यंत उशिरा ब्रेक लावून आतल्या बाजूने घुसत जागा परत मिळवली. अखेरच्या फेरीत तर वळणामागून वळण दोघे शेजारी शेजारी होते. चाकाला चाक लागत होते, एकदा हा रस्त्याच्या कडेबाहेर जात होता, एकदा तो. शेवटी जिल ०.२४ सेकंदाने पुढे राहिला. गाड्यांतून उतरल्यावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली.

पुढच्या शर्यतीच्या वेळी काही ज्येष्ठ चालकांनी दोघांनाही खडे बोल सुनावले. असा जीवघेणा खेळ खेळू नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते चूक होते असे म्हणता येत नाही. त्या काळी दर वर्षी एखाद-दुसरा चालक ट्रॅकवर जीव गमावत असे. तरीही आर्नूचे मत निराळे होते. दुसरा कोणी शेजारी असता तर आपण ते धाडस केले नसते. जिल आपल्याला गाडीपुरती जागा ठेवील याची खात्री होती, असे तो पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिला. चाकाला चाक लावून लढणाऱ्या चालकाचे मोठेपण कशात असते, या प्रश्नाचे उत्तर या खात्रीपासूनच शोधायला हवे. जिलच्या आयुष्याचा आणि मृत्यूचा अर्थही तिथेच सापडतो.

जिलचा जन्म १८ जानेवारी १९५० रोजी कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात झाला. बालपण गेले बेर्तिएव्हिल या छोट्या गावात. वडील सेव्हिल पियानोचे सूर लावण्याचे काम करीत. गावोगाव गाडीने फिरणे हा त्या व्यवसायाचाच भाग होता आणि वडिलांना वेगाची आवड होती. मुलाच्या अंगात दोन्ही गोष्टी उतरल्या. तो ट्रम्पेट वाजवायला शिकला आणि गाडीही. संगीत मागे पडले, पण कानाची तयारी उपयोगी पडली असावी. इंजिनाच्या आवाजातील बारीकसा बदलही त्याला चटकन कळे.

क्वेबेकमध्ये हिवाळा दीर्घ. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या शर्यती तिथे गावजत्रेसारख्या लोकप्रिय होत्या. जिलने त्यात नाव काढले आणि १९७४ साली अमेरिकेतील ईगल रिव्हर येथे या प्रकारातील जागतिक अजिंक्यपद मिळवले. पोटापाण्याचा पैसाही त्याला तिथूनच मिळे. मोठेपणी आपल्या कौशल्याचा उगम विचारला की तो याच दिवसांकडे बोट दाखवी. स्नोमोबाईल सरळ धावतच नाही. ती सतत घसरत असते आणि चालकाला त्या घसरण्यातूनच दिशा काढावी लागते. पुढच्या यंत्राने उडवलेल्या बर्फात समोरचे काही दिसत नाही. कोण किती अंतरावर आहे, कोणत्या बाजूने सरकतो आहे, हे नजरेआधी अंदाजाने ओळखावे लागते. पावसाळी शर्यतीत पाण्याच्या फवाऱ्यामागे गाडी हाकताना इतर चालक आंधळे होत, तेव्हा जिलला मात्र आपल्या गावचा हिवाळा आठवत असे.

१९७० साली त्याचे जोआन बार्त हिच्याशी लग्न झाले. पुढच्या वर्षी जाक हा मुलगा आणि १९७३ मध्ये मेलनी ही मुलगी झाली. संसार असा वाढत असताना जिल मोटार शर्यतींत उतरला, आणि १९७४ साली फॉर्म्युला अटलांटिकच्या हंगामासाठी पैसे उभे करताना त्याने राहते घर विकून टाकले. त्याच हंगामात मोसपोर्ट येथील अपघातात त्याचा पाय मोडला. घर गेले, पाय प्लास्टरमध्ये, पदरी दोन लहान मुले. घरच्यांनी हात टेकले असते तर कोणी दोष दिला नसता. जोआनने तसे केले नाही. बायको-मुलांना घेऊन जिल एका फिरत्या घरात राहू लागला आणि शर्यती जिथे असतील तिथे हे बिऱ्हाड जाऊ लागले. पुढे फॉर्म्युला वनमध्ये नाव मिळाल्यावरही युरोपातील ट्रॅकच्या आवारात त्याचे फिरते घर उभे असे.

१९७५ मध्ये गिमली येथे धो धो पावसात त्याने अटलांटिकमधील पहिली शर्यत जिंकली. १९७६ चा हंगाम तर त्याने एकट्याने गाजवला. कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणची अजिंक्यपदे त्याच्याकडे आली. त्याच वर्षी त्र्वा-रिव्हिएर गावच्या रस्त्यांवरील शर्यतीत युरोपातून पाहुणे म्हणून नामांकित चालक आले होते. त्यांत त्या वर्षी जगज्जेता ठरलेला जेम्स हंटही होता. जिलने सगळ्यांना हरवले. हंटने मोठ्या मनाने परत जाऊन आपल्या मॅक्लारेन संघाकडे या अनोळखी तरुणाची शिफारस केली. ज्याने आपल्याला हरवले त्याच्यासाठी शब्द टाकणे हेही शर्यतीतल्या खिलाडूपणाचे एक रूप आहे, हे इथे नोंदवून ठेवावे.

जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे मॅक्लारेनच्या जुन्या गाडीत जिलने पहिली ग्रां प्री धावली. सरावात तो प्रत्येक वळणावर गाडी इतकी पुढे रेटत होता, की ती पुन्हा पुन्हा गोल फिरे. पाहणाऱ्यांना हे नवशिक्याचे लक्षण वाटले. त्याची पद्धत वेगळी होती: गाडी कुठवर धरून राहते ही सीमा ओलांडल्याखेरीज कळत नाही, तेव्हा ती आधी ओलांडून पाहावी आणि मग तिच्या अलीकडे राहावे. नववा क्रमांक घेऊन त्याने शर्यत सुरू केली. एका बिघडलेल्या तापमापकामुळे उगाच थांबावे लागले आणि तो अकरावा आला. मॅक्लारेनने पुढच्या वर्षासाठी दुसऱ्याला निवडले. मात्र इटलीतील मारानेल्लो येथून एका वृद्ध गृहस्थाचे त्याच्यावर लक्ष गेले होते.

एन्झो फेरारी तेव्हा ऐंशीच्या घरात होते. निकी लाउडा हा त्यांचा जगज्जेता चालक संघ सोडून निघाला होता. भेटीला आलेला हा लहान चणीचा मुलगा पाहून त्यांना ताझिओ नुवोलारी आठवला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सामान्य गाड्यांतून बलाढ्य संघांना नमवणारा तो इटालियन चालक फेरारींच्या दृष्टीने या कलेची परिसीमा होता. एका ग्रां प्रीचा अनुभव असलेल्या परक्या पोराला फेरारीची गाडी देणे हा जुगारच होता आणि इटलीच्या वृत्तपत्रांनी तसे लिहिलेही.

सुरुवातीला ती टीका खरी ठरते की काय असे वाटू लागले. २३ ऑक्टोबर १९७७ रोजी जपानमधील फुजी येथे जिल रॉनी पीटरसनला गाठण्याच्या प्रयत्नात होता. ब्रेक लावण्याच्या जागी अंदाज चुकला. फेरारीचे पुढचे चाक पीटरसनच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढले, गाडी हवेत उडाली आणि प्रवेश नसलेल्या जागी उभ्या असलेल्या माणसांवर जाऊन कोसळली. एक प्रेक्षक आणि शर्यतीचा एक स्वयंसेवक ठार झाले. जिल स्वतः गाडीतून चालत बाहेर आला.

या अपघाताचे यंत्रशास्त्र समजून घेतले पाहिजे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीची चाके उघडी असतात. दोन गाड्या शेजारून जाताना चाकांच्या कडा घासल्या तर बहुधा नुसता धूर निघतो, कारण दोन्ही गाड्या जवळपास एकाच वेगाने, एकाच दिशेला चाललेल्या असतात. मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर आदळले तर गोष्ट वेगळी. पुढच्या चाकाचा मागचा भाग खालून वर फिरत असतो. तो मागच्या गाडीला जिन्यासारखा वर फेकतो. म्हणून शेजारी येईपर्यंतचा क्षण सर्वांत धोक्याचा. एकदा शेजारी आल्यावर प्रश्न दोघांच्या विवेकाचा असतो: तू मला जागा देतोस का, आणि मी तुला देतो का? मागून येणाऱ्याने पुरेसे आधी बरोबरीला आले पाहिजे, आणि पुढच्याने समोरचा बरोबरीला आला आहे हे मान्य केले पाहिजे. या दोन अलिखित नियमांवर चाकाला चाक लावण्याची सारी कला उभी आहे.

१९७८ च्या हंगामातही जिलच्या हातून चुका झाल्या. लाँग बीच येथे आघाडीवर असताना एका मागे पडलेल्या गाडीला ओलांडण्याच्या घाईत त्याने हातची शर्यत घालवली. फेरारींनी त्याला काढले नाही. त्या विश्वासाचे फळ ८ ऑक्टोबर १९७८ रोजी मिळाले. माँट्रियलमधील नोत्रदाम बेटावर नव्याने बांधलेल्या ट्रॅकवर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, आपल्याच माणसांसमोर त्याने पहिली ग्रां प्री जिंकली.

१९७९ हे त्याचे सर्वांत यशस्वी वर्ष. संघात दक्षिण आफ्रिकेचा जोडी शेक्टर आला. जिलने क्यालामी, लाँग बीच आणि वॉटकिन्स ग्लेन या तीन शर्यती जिंकल्या. वॉटकिन्स ग्लेनला भर पावसात झालेल्या सरावात तर त्याची वेळ इतर सर्वांपेक्षा नऊ सेकंदांहून अधिक चांगली होती. जिथे सेकंदाच्या दहाव्या हिश्शावर भांडणे होतात तिथे हा फरक डोळ्यांवर विश्वास बसू न देणारा होता. झांडव्होर्ट येथे त्याने ॲलन जोन्ससारख्या खमक्या चालकाला वळणाच्या बाहेरच्या बाजूने मागे टाकले. बाहेरून ओलांडायचे म्हणजे लांबचा रस्ता, कमी पकड आणि आतल्या चालकाच्या मर्जीवर सोडलेला जीव. त्याच शर्यतीत पुढे टायर फुटून गाडी ट्रॅकबाहेर गेली, तेव्हा जिलने ती परत वळवली आणि मोडके चाक फरफटत जवळजवळ पूर्ण फेरी मारून पिटमध्ये आणली. टीकाकारांना यात बेजबाबदारपणा दिसला, चाहत्यांना हार न मानणारा योद्धा. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते.

त्या वर्षीची सर्वांत मोलाची शर्यत मात्र त्याने जिंकलीच नाही. ९ सप्टेंबरला मोंझा येथे शेक्टर पुढे होता आणि जिल त्याच्या पाठीला चिकटून. ती शर्यत जिंकली तर शेक्टर जगज्जेता होणार होता. जिलने त्याला मागे टाकले असते तर अजिंक्यपदाची त्याची स्वतःची आशा जिवंत राहिली असती, आणि तेवढा वेग त्याच्याकडे नक्की होता. संघाशी झालेला करार शेक्टरच्या बाजूचा होता. जिलने तो पाळला. अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतराने तो दुसरा आला आणि सहकाऱ्याच्या आनंदात सामील झाला. हंगाम संपला तेव्हा शेक्टरचे ५१ आणि जिलचे ४७ गुण होते. आपली वेळ पुढे येईलच, असे त्याला वाटले असणार. ती कधीच आली नाही.

१९८० ची फेरारी इतकी मागासलेली निघाली, की वर्षभरात त्याला सहाच गुण मिळाले. इतर संघांनी गाडीखालून वाहणाऱ्या हवेचा उपयोग करून गाडी रस्त्याला चिकटवण्याचे तंत्र साधले होते. फेरारीचे रुंद बारा सिलिंडरांचे इंजिन त्या हवेच्या वाटेत येत होते. १९८१ मध्ये फेरारीने टर्बो इंजिन आणले. सरळ रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी धावे, पण वळणावर तिला सांभाळणे म्हणजे अंगावर येणाऱ्या बैलाला वेसण घालणे. अशा गाडीत जिलने लागोपाठ दोन शर्यती जिंकल्या, आणि त्याही मोनॅको व माद्रिदजवळील खारामा या वळणावळणांच्या ट्रॅकवर. गाडीच्या गुणदोषांचा हिशेब मांडला तर या दोन्ही ठिकाणी तिला काही आशा नव्हती.

२१ जून १९८१ ची खारामाची शर्यत जिलच्या कलेचा उत्कृष्ट नमुना मानली जाते. सातव्या जागेवरून सुटून तो पहिल्या काही क्षणांतच पुढच्या तिघांत आला. चौदाव्या फेरीत आघाडीवरचा जोन्स चुकून ट्रॅकबाहेर गेला आणि जिल पहिला झाला. त्यानंतरच्या पासष्टहून अधिक फेऱ्या त्याच्या मागे एक-एक करून चार गाड्यांची रांग लागत गेली. जाक लाफित, जॉन वॉटसन, कार्लोस रॉयटेमान आणि एलिओ दे आंजेलिस. चौघांच्याही गाड्या वळणांवर फेरारीहून सरस. लाफित तर वळणाच्या मध्यावर अनेकदा जवळजवळ शेजारी येई. वळण संपताच जिलचे टर्बो इंजिन जागे होई आणि पुढच्या वळणापर्यंत त्याला निसटते अंतर मिळवून देई.

यात त्याने आडवे-तिडवे जाऊन कोणाची वाट अडवली नाही. प्रत्येक वळणाआधी गाडी अशा ठिकाणी ठेवायची, की मागच्याला आत शिरायला जागाच वाटू नये. आणि वळणातून बाहेर पडताना चाके घसरू न देता सर्वांच्या आधी वेग घ्यायचा. हे एकदा कोणीही करील. भर उन्हाळ्यात, पाऊण फुटाचीही चूक न करता, पावणेदोन तासांच्या शर्यतीत सतत करणे हे वेगळे काम आहे. बेफाम म्हणून ओळखला जाणारा हा चालक त्या दिवशी एखाद्या मुरलेल्या गवयासारखा संयमी होता. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा पहिल्या आणि पाचव्या गाडीत १.२४ सेकंदाचे अंतर होते. हा जिलचा सहावा आणि अखेरचा विजय.

त्याच वर्षी फेरारीत त्याचा सहकारी म्हणून दिदिए पिरोनी हा फ्रेंच चालक आला होता. जिलने त्याला मनापासून आपलेसे केले. संघातला सहकारी हाच पहिला प्रतिस्पर्धी, असे या खेळात म्हटले जाते. जिलला त्याची भीती वाटत नसे, कारण मोंझाला आपण जसे वागलो तसाच दुसराही वागेल असे तो गृहीत धरून चालला होता.

२५ एप्रिल १९८२ रोजी इटलीतील इमोला येथे शर्यत होती. नियमांच्या वादामुळे बऱ्याच ब्रिटिश संघांनी बहिष्कार टाकला होता आणि अवघ्या चौदा गाड्या धावत होत्या. साठांपैकी चव्वेचाळिसाव्या फेरीत आर्नूची रेनॉ बंद पडली आणि फेरारीच्या दोन्ही गाड्या निर्धास्त पुढे राहिल्या; जिल पहिला, पिरोनी दुसरा. इंधन पुरेल की नाही याची चिंता होती. पिटमधून वेग कमी करण्याची पाटी दाखवली गेली. जिलने तिचा अर्थ नेहमीचा घेतला: आहे त्या क्रमाने गाड्या घरी आणा. पिरोनीने त्याला ओलांडले. लोकांसाठी थोडी गंमत चालली असावी असे समजून जिलने परत जागा घेतली आणि गाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवला. पुन्हा तेच झाले. अखेरच्या आधीच्या फेरीत जिल पुढे गेला आणि आता विषय संपला असे मानून सावकाश निघाला. शेवटच्या फेरीत तोसा वळणाआधी पिरोनी आतून घुसला आणि शर्यत जिंकून गेला.

पिरोनीची बाजूही ऐकली पाहिजे. पाटीचा अर्थ जपून चालवा एवढाच होता, क्रम बदलू नका असा आदेश कोणी दिला नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. शर्यतीत उतरलेल्या माणसाने जिंकू नये, अशी अपेक्षा तरी कशी करायची? हा वाद आजही मिटलेला नाही. जिलच्या मनात मात्र वाद नव्हता. विजयमंचावर तो दगडासारखा उभा होता. झुंजीत हरण्याचे त्याला दुःख नव्हते. झुंज चालू आहे हेच त्याला कळू दिले गेले नव्हते. पिरोनीशी पुन्हा एक शब्दही बोलणार नाही, असे त्याने जवळच्यांना सांगितले. एन्झो फेरारींनी जाहीरपणे जिलची बाजू घेतली, पण जखम भरली नाही. ज्या विश्वासावर त्याने दिजोंला आपला आणि आर्नूचा जीव ठेवला होता, तो त्याच्याच घरात मोडला होता.

तेरा दिवसांनी, ८ मे १९८२ रोजी, बेल्जियममधील झोल्डर येथे पात्रता फेरी चालू होती. शेवटची आठ-नऊ मिनिटे उरली होती. पिरोनीची वेळ जिलपेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागाने सरस होती. त्या काळी पात्रतेसाठी वापरले जाणारे मऊ टायर एखाद-दुसऱ्या वेगवान फेरीतच संपत आणि त्यांचे मोजकेच संच मिळत, त्यामुळे वाटेत येणाऱ्या मंद गाडीसाठी थांबणे कोणालाच परवडत नसे. उतारावरून भरधाव येणाऱ्या जिलसमोर योखेन मास याची सावकाश चाललेली गाडी आली. मासने आरशात त्याला पाहिले आणि वाट देण्यासाठी गाडी उजवीकडे घेतली. त्याच क्षणी जिलही उजवीकडून जाण्याचे ठरवून बसला होता. फेरारीचे पुढचे चाक मासच्या मागच्या चाकावर चढले. फुजीला झाले तेच पुन्हा झाले. गाडी हवेत उडाली, जमिनीवर आदळून फुटली आणि जिल आसनासह बाहेर फेकला गेला. मानेला झालेली इजा जीवघेणी होती. त्याच रात्री लूव्हनच्या रुग्णालयात त्याने प्राण सोडला. वय बत्तीस. जाक तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मासचा दोष नव्हता. त्याने जागाच दिली होती. पिरोनीला या मृत्यूचे कारण ठरवणेही अन्यायाचे होईल. जिल रागात नसता तरी तो तसाच चालवत आला असता, असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्याची कारकीर्द पाहता ते पटते. एवढे मात्र खरे, की त्या क्षणी दोन माणसांनी एकमेकांच्या मनातले ओळखण्याचा प्रयत्न केला आणि दोघांचाही अंदाज एकाच बाजूला पडला. दिजोंला जे आठ-दहा वेळा साधले, ते झोल्डरला एकदा चुकले.

जिलच्या नावावर ६७ ग्रां प्री, सहा विजय आणि दोनदा मिळालेले पहिल्या क्रमांकाचे आरंभस्थान, एवढीच नोंद आहे. जगज्जेतेपद नाही. आकड्यांच्या यादीत त्याच्या वर कितीतरी नावे येतात. तरी बेर्तिएव्हिलमध्ये त्याचे संग्रहालय आहे, माँट्रियलच्या ट्रॅकला त्याचे नाव आहे आणि तिथल्या आरंभरेषेवर त्याला सलाम करणारे फ्रेंच शब्द रंगवलेले आहेत. धाडसी तर तेव्हाचे सगळेच होते. त्याशिवाय त्या गाडीत बसताच येत नसे. जिलकडे धाडसासोबत शेजारच्या गाडीचे भान होते, आणि ते राखताना स्वतःच्या नफ्या-तोट्याचा हिशेब तो करीत नसे. मोंझाला त्याने शब्द पाळला तो आणि दिजोंला आर्नूला जागा ठेवली ती, एकाच स्वभावातून.

१९९७ च्या अखेरच्या शर्यतीत, स्पेनमधील हेरेस येथे, जाक विल्नव आणि मायकेल शूमाकर यांच्यात जगज्जेतेपदाचा निकाल लागायचा होता. जाकने बरेच लांबून उशिरा ब्रेक लावत आतून गाडी घातली आणि तो बरोबरीला आला. शूमाकरने गाडी त्याच्यावर वळवली. आदळून शूमाकर स्वतःच बाहेर गेला, जाक जगज्जेता झाला, आणि पुढे नियामक संस्थेने शूमाकरचे त्या हंगामातील दुसरे स्थानही काढून घेतले. बापाच्या वाट्याला न आलेले पद मुलाच्या घरी आले ते अशा एका वळणावर, जिथे एकाने जागा मागितली आणि दुसऱ्याने ती नाकारली.

पिरोनीचेही पुढे भले झाले नाही. १९८२ च्याच ऑगस्टमध्ये, अजिंक्यपदाच्या यादीत सर्वांत पुढे असताना, जर्मनीत पावसात त्याची गाडी दुसऱ्या गाडीच्या मागच्या चाकावर चढली. दोन्ही पाय चिरडले गेले आणि त्याची कारकीर्द संपली. १९८७ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर वेगवान बोटींच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या घरी जुळे मुलगे जन्मले. त्यांच्या आईने एकाचे नाव वडिलांवरून दिदिए ठेवले. दुसऱ्याचे ठेवले जिल.